बी.ए.ला दिल्ली कशाला?

उमापूरच्या वस्तीवरची अंगणवाडी मी चालवते. सरकार मला वर्षातून कैक वेळा दारोदार पाठवतं. कधी पोरं मोजायला, कधी माणसं, कधी संडास. त्यामुळे माणूस दारात उभा राहून किती सहज खोटं बोलतो हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि माझा स्वभावही त्यानेच तिरका झालाय. कोणी फार गोड बोललं की मी आधी त्याच्या चपला बघते, कुठली धूळ लागलीय ते. पण संशयात माझ्यावरही वरताण असा एकच माणूस मी पाहिला. मेंढपाळांच्या वस्तीवरचा नाथाभाऊ.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. नाथाभाऊचं तोंड कधी पोळल्याचं कोणाला आठवत नाही, तरी तो पाणीसुद्धा फुंकून पितो. जनावरांचा डॉक्टर लस टोचायला आला तर म्हणतो, आधी त्या म्हाताऱ्या एडक्याला टोचा आणि उद्या या. उद्या एडका उभा दिसला तरच बाकीची मेंढरं पुढे. कळपाजवळ गाडी थांबली की तिचा नंबर पाठ करतो. परक्या वस्तीवर चहा आला की घरच्यांनी पहिला घोट घेईपर्यंत कप हातात धरून बसतो. मला याचं हसू येतं, पण अर्धं वर्ष उघड्या रानात झोपणाऱ्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. त्याची मेंढरं चोरायला कोणी पाटी लावून येत नाही.

अशा माणसाची थोरली पोरगी ऋतुजा. गेवराईला बारावी झाली, कसलीशी प्रवेश परीक्षा दिली आणि दिल्लीच्या एका मोठ्या नावाजलेल्या विद्यापीठात तिचा नंबर लागला. डॉक्टरकीला लागला असता तर गावाने पेढे वाटले असते. पोलिसात लागला असता तर चौकात फ्लेक्स लागला असता. पण हिचा नंबर लागला बी.ए.ला, तेही समाजशास्त्राच्या. गाव गोंधळलं, आणि गाव गोंधळलं की आधी वाईट तेच सुचतं.

"बी.ए. तर गेवराईत बी व्हतंय बे," बंकट आपल्या हॉटेलात बसल्या बसल्या म्हणाला. "त्याला दिल्ली कशाला? कुठंतरी पाणी मुरतंय."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. पोरीला मी लहानपणापासून पाहिलेलं, हुशार होती यात वाद नाही. पण माणसं कशी राहतात हे शिकायला माणूस माणसं सोडून हजार मैल का जाईल, हे मला काही केल्या पटेना. तिच्या आईने, बायडाबाईने, तर तोंडावरच सांगितलं, "कोण कुणाकडं जेवतंय, कोण कुणाला पोरगी देतंय, हे शिकायचं हाय व्हय? मग पाणवठ्यावर चल माझ्यासंगं."

तरी नाथाभाऊने पाठवलं. का पाठवलं ते त्यालाच माहीत. स्वतः सोडायला गेला आणि हॉस्टेलच्या गेटसमोर दोन दिवस बसून राहिला, कोण आत जातं, कोण बाहेर येतं ते बघत. तिथल्या राखणदाराने हटकलं तर म्हणाला, तू तुझी राखण कर, मी माझी करतो. परत आल्यावर वस्तीने गराडा घातला, तर एवढंच बोलला, "पोरी झाडाखाली बसून बोलतेत. त्यालाच तास म्हंतेत म्हनं."

त्यानंतर दोन वर्षं रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. मोबाइल धरायचा धाकट्या स्वप्नालीने, हुकूम सोडायचे नाथाभाऊने. खोली दाखव. दार दाखव. कॉटखाली दाखव. कॉटखाली बॅग असायची, दुसरं काय असणार, पण तो रोज बघायचा.

तिकडे ऋतुजाची काय गत होती ते तिने मलाच सांगितलं. पहिली सहामाही ती वर्गात तोंड उघडून बोललीच नाही. बाकीच्यांचं इंग्रजी नळाच्या पाण्यासारखं, हिचं हापशासारखं. मैत्रिणी चांगल्या होत्या, डब्यातलं द्यायच्या, नोट्स द्यायच्या. "तिकडं समदे लई गोड बोलतेत मावशी," ती म्हणाली, "पर कशापायी बोलतेत ते कळंना. मी त्यांना आवडते का माझी कीव येती, ह्याचाच इच्चार करत ऱ्हाते." मी मनात म्हटलं, बापाची पोर शोभतेस.

दर सुट्टीत मात्र ती थोडी वेगळी होऊन यायची. कपड्यालत्त्यात नाही, बघण्यात. ओसरीवर बसली की आजूबाजूला पाहुणा बघतो तसं बघायची. एकदा मला म्हणाली, "मावशी, वस्तीवर समद्या बाया शेवटाला जेवतेत, हे मी आधी कधी बघितलंच न्हवतं." मी म्हटलं, बघितलं नव्हतं म्हणजे काय, तूच तर वाढत होतीस. मला ते बघणं आवडलं नव्हतं. नाथाभाऊलाही नसावं, कारण ती बघायला लागली की तो उठून मेंढरांकडे जायचा.

मधल्या काळात धारूरकडचं एक स्थळ आलं. मुलगा युवराज, घरचा मोठा कळप, वर बोकडांचा व्यापार. मध्यस्थ होते भगवानराव. उमापुरातली सगळ्यात चांगली काळी रानं भगवानरावांची, आणि पेरणीआधी त्या रानांत खतासाठी नाथाभाऊची मेंढरं बसायची, वर्षानुवर्षं. त्यामुळे त्यांना नाही म्हणणं सोपं नव्हतं. नाथाभाऊ हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तिसरं वर्ष होऊ द्या मग बघू, असं म्हणत त्याने ते लोंबकळत ठेवलं. भगवानराव सांगत होते की धारूरवाले लग्नानंतरही शिकवतील. त्यावर नाथाभाऊ फक्त मान हलवायचा.

दुसरं वर्ष संपवून ऋतुजा आली ती काम घेऊन. तिसऱ्या वर्षासाठी एका वस्तीचा अभ्यास करायचा होता, नातीगोती, लग्नं, सोयरिकी कशा जुळतात याचा. तिने आपलीच वस्ती धरली. तिच्या प्रोफेसर मॅडम मूळच्या नागपूरच्या, पोरं कुठे काय करतात ते बघायला निघाल्या होत्या. एके सकाळी पांढरी गाडी वस्तीवर आली. तिच्यातून मॅडम उतरल्या आणि मागोमाग हरिओम नावाचा उंच, गोरा पोरगा. तिच्याच वर्गातला, तिच्याच अभ्यासातला जोडीदार. ड्रायव्हर धरून तिघं.

"तीन तिगाडा," बायडाबाई माझ्या कानाशी पुटपुटली आणि रवा भाजायला घेतला.

ऋतुजाने बापाला सांगून ठेवलं होतं की मॅडम येणार आहेत. पण वयस्क बाई, सोबत लग्नाचा पोरगा, आणि शहरातली गाडी, हे दारात येऊन थांबल्यावर सांगितलेलं कोण लक्षात ठेवतं? त्यात मॅडमने ओसरीवर बसून विचारायला सुरुवात केली ती अशी. तुमचं देवक कोणतं? मुलीच्या आईचं माहेर कुठलं? मामाच्या मुलाला मुलगी देता का? लग्नात काय देणंघेणं होतं? भाऊबंदकीत वाटण्या झाल्या का? हरिओम शेजारी बसून लिहून घेत होता.

आता आमच्या भागात देवक, कूळ आणि मामाचं गाव विचारणारी माणसं एकाच कामासाठी दारात येतात. दुसरं कारणच नाही. दिल्लीत त्यावर पुस्तकं असतील, आमच्याकडे त्यावर फक्त लग्नं होतात. वस्तीवरच्या बाया दारादारांतून माना काढून बघत होत्या. ऋतुजा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, कारण दुसरं आणणार कोण, आणि तिने पहिला कप त्या पोरासमोर धरला. बघायचं राहिलंच काय?

मी नाथाभाऊकडे बघत होते. त्याचे डोळे बारीक झाले होते. देवक त्याने खोटं सांगितलं. बायडाबाईचं माहेर भलत्याच तालुक्यात नेऊन ठेवलं. मॅडम भोळेपणाने मान डोलवत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि मुलींची लग्नं साधारण कितव्या वर्षी होतात तुमच्यात?"

"आमच्या पोरीचं ठरलंय," नाथाभाऊ म्हणाला. मोठ्याने, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं. "धारूरला दिलीया. दिवाळीनंतर लगीन हाय."

ऋतुजाच्या हातातला ट्रे तसाच राहिला. मॅडमने तिच्याकडे बघितलं. "ती तिसरं वर्ष पूर्ण करेल ना?" त्यांनी विचारलं.

"ते आता धारूरकर ठरिवतील."

शिरा खाऊन पाहुणे गेले. गाडीची धूळ खाली बसायच्या आत ऋतुजा बापासमोर उभी राहिली. आधी हसली, मग रडायला लागली. "आप्पा, त्या मला बघायला न्हवत्या आल्या. त्या तुमाला बघायला आल्त्या."

"मला?" नाथाभाऊ म्हणाला. "मला कावून?"

त्याला ते समजायला वेळ लागला. तोवर बंकटच्या हॉटेलातून बातमी पुढे गेली होती. संध्याकाळी भगवानराव स्वतः आले, नाथाभाऊच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, रविवारी धारूरचे पाहुणे कुंकू लावायला येतायत.

ऋतुजाने मला मध्ये घातलं. मी गेले आणि म्हटलं, नाथाभाऊ, चुकून बोललात, सांगून टाका तसं, पोरीचं एक वर्ष तर उरलंय. तो काठीच्या टोकाने माती उकरायला लागला.

"बाई, खोटं बोललो म्हनून सांगू?" तो म्हणाला. "मंग माझी मेंढरं कोण बसवील रानात? शेजारच्या उभ्या पिकात मेंढरू गेलतं का न्हाई, ते माझ्या शब्दावर मानतेत लोकं. दुसरा काय पुरावा हाय माझ्यापाशी?"

संशयी माणसाच्या शब्दाला गावात जास्त वजन असतं, कारण तो खात्री केल्याशिवाय बोलत नाही असं सगळे धरून चालतात. ते वजनच आता त्याच्या पोरीच्या गळ्यात पडलं होतं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि घरी येऊन मी नवऱ्यावर उगाच खेकसले.

रविवारी पाहुणे आले. युवराज, त्याचा बाप, एक चुलता आणि भगवानराव. युवराज पोरगा वाईट नव्हता, मान खाली घालून बसला होता. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. एका कडेला बायडाबाईने फोडलेल्या चिंचेच्या चिंचोक्यांचं सूप पडलं होतं, ते उचलायचं राहून गेलं होतं. ऋतुजाने चहा दिला. पदर घेतला होता, चेहरा दगडासारखा.

चुलत्याला गंमत सुचली. "काय शिकतीस म्हनं दिल्लीला?"

"समाजशास्त्र."

"म्हंजी काय करतेत त्यात?"

"माणसं कशी ऱ्हातेत ते बघतेत."

"दाखीव की मंग आमाला बी," चुलता म्हणाला आणि भगवानरावांकडे बघून हसला.

तिने बापाकडे बघितलं. मग ती खाली बसली, सूप जवळ ओढलं, अंगणातले मूठभर खडे आणले. "खडा म्हंजी गडी, चिंचोका म्हंजी बाई," ती म्हणाली. "तुमचंच घर मांडू. आजोबा?" चुलत्याला मजा वाटत होती, तो सांगत गेला. आजोबा, आजी. मग त्यांची दोन पोरं, त्यांच्या मालकिणी. खड्याशेजारी चिंचोका, खड्याशेजारी चिंचोका, घोंगडीवर एक घर उभं राहत होतं. युवराजही वाकून बघायला लागला. ती खालच्या ओळीत आली. युवराजचा थोरला भाऊ, एक खडा.

"आन् भावजय?"

चुलता थांबला. युवराजचा बाप म्हणाला, "हाय. माहेरी हाय."

"बाळंतपणाला गेलीया?"

"न्हाई. आसंच."

"कवाधरनं?"

उत्तर युवराजनेच दिलं, सरळ पोरगा होता म्हणून. "दोन दिवाळ्या झाल्या."

ऋतुजाने चिंचोका हातात घेतला आणि थोरल्या भावाच्या खड्यापासून लांब, घोंगडीच्या काठावर ठेवला. घोंगडी काळी, त्यावर तो तेवढाच वेगळा दिसत होता.

"बास झाला खेळ," भगवानराव म्हणाले. "कुंकू काढा."

"थांबा," नाथाभाऊ म्हणाला. तो इतका वेळ भिंतीला टेकून बसला होता, आता पुढे सरकला. "कावून गेली ती?"

"आवो, तिला नर्सिंग करायचं व्हतं," चुलता म्हणाला. "लग्नाच्या टायमाला आमी म्हनलो व्हतो, करू म्हनून. म्हनायचं असतंय तसं. तर ती धरूनच बसली. तोंड वर करून बोलायची."

"म्हंजी तुमी शब्द दिलता."

"लग्नात कोण काय न्हाई बोलत, नाथा?"

नाथाभाऊने त्या चिंचोक्याकडे बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "पाव्हणं," तो म्हणाला, "पोरीचं ठरलंय म्हनून मी त्या दिल्लीच्या बाईला सांगितलं, ते खोटं व्हतं. मला संशय आलता म्हनून बोललो. तुमाला हितवर यायला लावलं, माफी असावी."

भगवानरावांचा चेहरा उतरला. "नाथा, चार माणसांत बोललता बे तू."

"व्हय. चार माणसांतच सांगतो, मी खोटं बोललो."

पाहुणे चहाचे कप तसेच ठेवून उठले. युवराजने जाताना घोंगडीवरचा तो काठावरचा चिंचोका एकदा बघितला, असं मला वाटलं, पण मी शपथ घेणार नाही. दुसऱ्या दिवशी भगवानरावांचा निरोप आला, रानातली मेंढरं उठव. आठवडाभरात आणखी दोघांनी तेच सांगितलं. बंकटच्या हॉटेलात नाथाभाऊचं बोलणं लोक हसून ऐकायला लागले, आणि नाथाभाऊने हॉटेलात जाणं सोडलं. त्या साली त्याला कळप घेऊन पार लांब, जिथे त्याला कोणी ओळखत नाही अशा गावांच्या शिवारात जावं लागलं. गावात अजूनही कोणी बाता मारायला लागला की म्हणतात, नाथाचं धारूर झालं.

पण मला सांगायचंय ते पाहुणे गेल्यानंतरचं.

बायडाबाई आत भांडी आपटत होती. वस्ती पांगली होती. ऋतुजा खडे-चिंचोके गोळा करायला वाकली, तेव्हा नाथाभाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आपलं घर मांड."

"कशाला आप्पा?"

"मांड. त्या बाईला मी समदं खोटं सांगितलंय. आता खरं सांगतो."

ती बसली. तो सांगत गेला, न विचारता. आजा, पणजा, खरं देवक, बायडाबाईचं खरं माहेर. एक बहीण लहानपणी दुष्काळात गेली, तिचा चिंचोका कुठे ठेवायचा हे त्याने दोनदा विचारलं. नाथाभाऊला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ऋतुजा भरभर मांडत होती, तिच्या चेहऱ्यावर उजेड आला होता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे तिचं काम आहे आणि ते तिला येतं. शेवटी तिने नाथाभाऊचा खडा ठेवला, शेजारी बायडाबाईचा चिंचोका, खाली स्वप्नालीचा. मग हात झटकून मागे सरकून बसली.

"झालं," ती म्हणाली.

नाथाभाऊ बघत राहिला. मीही बघितलं, पण मला काही खटकलं नाही. त्याला खटकलं.

"तू कुठं हायेस?"

ऋतुजाने घोंगडीकडे बघितलं. आधी तिला कळलंच नाही. मग तिचा चेहरा पांढरा पडला. "मांडणाऱ्याला धरत न्हाईत, आप्पा," ती हळू म्हणाली. "म्हंजी... इसरलेच मी."

"ह्येच," नाथाभाऊ म्हणाला. "मला ह्येचंच भ्या वाटत व्हतं. पोरगा-बिरगा न्हाई गं. तू कॉटखाली कुणाला लपवशील म्हनून न्हवतो मी बघत. तू हायेस का तिथं, तेवढंच बघायचो."

ऋतुजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्याही आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"दिल्लीला जा," तो म्हणाला. "तिसरं वर्स कर, चवथं असंल तर ते बी कर. मी अडवत न्हाई." सुपातला एक चिंचोका उचलून त्याने तिच्या तळहातावर ठेवला. "पर हे आधी ठिव."

ती तो मुठीत धरून बसली. कुठे ठेवायचा ते तिला लवकर सुचेना, आणि नाथाभाऊने तिला सांगितलं नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसून थांबला होता.